तीन चौरस मीटर

२०२५ च्या सप्टेंबरात भारत सरकारने आपल्या शेजारच्या बेल्जियमला एक हमीपत्र दिले. पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यातील आरोपी, हिरे व्यापारी मेहुल चोक्सी यांना एप्रिलमध्ये तिथे अटक झाली होती, आणि त्यांना भारताच्या ताब्यात द्यावे की नाही याचा खटला अँटवर्पच्या कोर्टापुढे होता. आमच्याकडे पाठवलेत तर या गृहस्थांना मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात, बारा नंबरच्या बराकीत ठेवू, असे पत्रात लिहिले होते. त्यांना फर्निचर सोडून किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा मिळेल. स्वच्छ जाड गादी, उशी, चादर, पांघरूण मिळेल. डॉक्टर मिळेल.

बातमी वाचली आणि मी टेप घेऊन बाल्कनीत गेले. दीड मीटर बाय दोन मीटर. कपडे वाळत घालायचा स्टँड उघडला की आमच्या बाल्कनीत एवढीच जागा उरते. अगदी ऐसपैस नाही, पण माणूस आडवा होऊ शकतो, कूस बदलू शकतो, उठून दोन पावले टाकू शकतो.

मंडळी, मी सात रस्त्याची. आर्थर रोड तुरुंगाची भिंत आमच्या शाळेच्या वाटेवर होती. त्या रस्त्याचे आजचे नाव साने गुरुजी मार्ग, आणि हे नाव तिथे किती शोभते आणि किती बोचते हे लहानपणी कधी कळले नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि गुरुजी ते उतरवून घेत होते. टिळकांचे 'गीतारहस्य' मंडालेचे. आगरकरांनी डोंगरीच्या एकशे एक दिवसांवर पुस्तकच लिहिले. आपल्या घरातल्या कपाटातून तुरुंगात लिहिलेली पुस्तके काढून घेतली तर एक फळी रिकामी होईल. इंग्रजांच्या तुरुंगाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. त्यांनी बैलाच्या जागी माणूस घाण्याला जुंपला होता. पण कागद मांडीवर घेऊन लिहायला बसायचे, तर मांडी घालण्याइतकी जागा लागते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आर्थर रोडची मंजूर क्षमता वर्षानुवर्षे ८०४ अशी छापून येत असे. आत माणसे तीन हजारांच्या वर. तुम्ही गणित करा. चोक्सी यांना हमीने मिळणारे तीन चौरस मीटर त्याच भिंतीच्या आत, त्याच फाटकातून जाणाऱ्या मोबाइलचोराला का मिळू नयेत, हा माझा आजचा प्रश्न आहे. आणि मिळत नसतील, तर कोर्टाने न सुनावलेली एक जास्तीची शिक्षा तो भोगतो आहे, असे म्हणायचे की नाही?

कायद्याच्या पुस्तकात यासाठी एक जुना शब्दप्रयोग आहे: क्रूर आणि असाधारण शिक्षा. १६८९ च्या इंग्लंडच्या हक्कांच्या सनदेत तो आला, तिथून शंभर वर्षांनी अमेरिकेच्या घटनेच्या आठव्या दुरुस्तीत गेला. गर्दी या शब्दांत बसते का, यावर अमेरिकेतच दोन निकाल आहेत. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, एका माणसाच्या कोठडीत दोघे ठेवले एवढ्यावरून ती क्रूर शिक्षा होत नाही. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत जवळपास दुप्पट माणसे कोंबली गेली होती, आजाऱ्यांना डॉक्टर मिळत नव्हता, वेड्यांना उपचार मिळत नव्हते. तेव्हा त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, आता पुरे, गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणा, नाहीतर माणसे सोडा.

यातला 'असाधारण' हा शब्द मला फार दिवस खटकत होता. जी गोष्ट सर्रास चालते तिला असाधारण कसे म्हणायचे? भारतात २०२२ च्या अखेरीस १,३३० तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची जागा होती आणि ५,७३,२२० माणसे होती, म्हणजे १३१.४ टक्के. ही झाली देशाची सरासरी, तिच्यात अर्धे रिकामे तुरुंगही आले. जिथे सगळीकडेच गर्दी, तिथे गर्दीत काय असाधारण? क्रूरपणा पुरेसा पसरला की तो नियमात बसतो, अशी ही गंमत आहे.

आपल्या न्यायालयाने मात्र ही गंमत होऊ दिली नव्हती, आणि हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९७८ मध्ये सुनील बात्रा या तिहारच्या कैद्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिले की आपल्या घटनेत अमेरिकेसारखी आठवी दुरुस्ती नाही हे खरे, पण एकविसाव्या कलमाचा आता जो अर्थ लावला गेला आहे, त्यातून परिणाम तोच निघतो. म्हणजे जगण्याचा हक्क फाटकाबाहेर काढून ठेवावा लागत नाही. पुढे २०१३ मध्ये माजी सरन्यायाधीश लाहोटी यांनी देशातल्या १३८२ तुरुंगांच्या अमानुष स्थितीबद्दल न्यायालयाला पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली, आणि २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोकूर यांनी गर्दी कमी करण्याचे आदेश दिले. कागदावर आपण कुठेच मागे नाही. किंबहुना पुढे आहोत. भारताच्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत झोपायला माणशी ३.७१ चौरस मीटर जागा सांगितली आहे. बेल्जियमला आपण जे वचन देतो, ते आपल्याच नियमापेक्षा कमी आहे!

मग हा तीनचा आकडा आला कुठून? तो स्ट्रासबुर्गहून आला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने क्रोएशियाच्या एका कैद्याच्या खटल्यात, २०१६ मध्ये, रेघ ओढली: सामायिक कोठडीत माणशी तीन चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल, तर ती वागणूक अमानुष किंवा मानहानीकारक आहे असेच आधी धरले जाईल, आणि तसे नाही हे सरकारने सिद्ध करायचे. त्याच्या आदल्या वर्षी इथे ब्रेमेनच्या उच्च न्यायालयाने लक्झेंबुर्गच्या न्यायालयाला विचारले होते की हंगेरी आणि रुमेनिया आपल्या वॉरंटावर माणसे मागताहेत, पण तिथले तुरुंग खचाखच भरलेले आहेत, आम्ही द्यायची का? एप्रिल २०१६ मध्ये उत्तर आले, खात्री होईपर्यंत थांबा. तेव्हापासून युरोपातले न्यायाधीश तुरुंगाच्या खोल्यांची मापे मागू लागले. विजय मल्ल्यांच्या खटल्यात तर लंडनच्या न्यायाधीश बाईंनी बारा नंबरच्या बराकीचा व्हिडिओ मागवला होता, भर दुपारचा, दिवे न लावता, म्हणजे खिडकीतून ऊन किती येते ते दिसावे. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत शस्त्रव्यवहारातले सल्लागार संजय भंडारी यांना लंडनच्या उच्च न्यायालयाने भारतात पाठवायला नकारच दिला. तिहारमध्ये त्यांच्याकडून पैसे उकळले जातील, मारहाण होईल, हा धोका न्यायालयाला खरा वाटला.

कुणी म्हणेल, गोऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. बेल्जियमचे स्वतःचे तुरुंग इतके भरलेले आहेत की २०१४ मध्ये स्ट्रासबुर्गने त्यालाच दोषी धरले होते, तेही अँटवर्पजवळच्या तुरुंगावरून. मला हा मुद्दा मान्य आहे. पण माझी तक्रार युरोपबद्दल नाहीच. आपले सरकार परदेशी न्यायाधीशापुढे सरळ कबूल करते की माणसासारखे राहायला अमुक जागा लागते, अशी गादी लागते, असे पाणी लागते. मग हे कबूल केलेले माप फक्त विमानाने पळून जाण्याची ऐपत असलेल्यांना का?

आता जर्मनीकडे येते, कारण हा अंक आपला आहे आणि राहतो आपण इथे.

आपल्यापैकी ज्यांनी आइनब्युर्गरुंगची परीक्षा दिली त्यांना ग्रुंडगेझेत्झचे पहिले कलम तोंडपाठ आहे. तेहतीस प्रश्नांपैकी सतरा बरोबर आले की झाले. मानवी प्रतिष्ठेला कुणी हात लावू शकत नाही, तिचे रक्षण करणे हे सर्व राज्यसत्तेचे कर्तव्य आहे. परीक्षेत टिक करताना हे वाक्य भिंतीवरच्या सुविचारासारखे वाटते. ते चौरस मीटरमध्ये मोजता येते हे मला एका निकालाने शिकवले.

नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातला एक कैदी. त्याला १५१ दिवस आणखी एकाबरोबर सुमारे आठ चौरस मीटरच्या कोठडीत ठेवले होते. संडास त्याच खोलीत, मध्ये फक्त आडोसा. दिवसाचे तेवीस तास दार बंद. त्याने सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावायचे ठरवले आणि वकिलाच्या खर्चासाठी सरकारी मदत मागितली. खालच्या कोर्टांनी मदत नाकारली, म्हणे दाव्यात दम नाही. तो कार्ल्सरूहला गेला. २२ फेब्रुवारी २०११ रोजी घटना न्यायालयाने सांगितले की मदत नाकारणे चूक होते, आणि त्याहून पुढे जाऊन असेही सांगितले की राज्याला जर कैद्याला माणसासारखे ठेवणे कुठल्याच मार्गाने जमत नसेल, तर राज्याने शिक्षेवरचा हक्क बाजूला ठेवावा. जागा नाही ही सबब चालणार नाही. जागा नसेल तर शिक्षा थांबवा.

ध्यानात घ्या, हा कैदी निर्दोष होता असे कुणीही म्हटले नव्हते. 'असाधारण' वगैरे शब्दही लागला नाही.

मी गेली अनेक वर्षे कोर्टात आणि पोलिसांकडे हिंदी-मराठीची शपथबद्ध दुभाषी म्हणून काम करते. त्या निमित्ताने इथल्या तुरुंगांत जाते. जे ऐकते ते शपथेमुळे कुणाला सांगता येत नाही, नवऱ्यालाही नाही. पण खोलीबद्दल बोलायला बंदी नाही. इथल्या कोठड्या काही सुंदर नसतात. जुन्या इमारतींना तो ओला, सिगारेटचा, उकडलेल्या कोबीचा वास असतो. पण बहुतेक ठिकाणी एका माणसाला एक खोली, एक खाट, एक खुर्ची, एक टेबल. पहिल्यांदा ते टेबल पाहिले तेव्हा, खरे सांगते, मला साने गुरुजीच आठवले.

हे सगळे मी उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीत ग्रिलजवळ बसून सांगत होते. आपल्या मंडळाची दिवाळीची देणगी दरवर्षी कुठेतरी जाते: कधी शाळेला, कधी पूरग्रस्तांना. या वर्षी ती गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी द्यावी असे मी सुचवले. एकदम शांतता झाली. मग आमचे काका बोलले. नाव लिहीत नाही, सगळे ओळखतील.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण नाशकात माझ्या आईच्या घरी चोर शिरले, तिला ढकलले, कंबर मोडली तिची. पुन्हा उभी नाही राहिली ती. त्या चोरांना उशी देऊ का मी?"

यावर तडकाफडकी काही बोलण्याइतकी मी निगरगट्ट नाही. मी गप्प बसले. कुणीतरी मक्याची कणसे उलटायला उठले. पण नंतर मी त्यांना फोन केला आणि विचारले, काका, त्या खटल्याचे काय झाले? सात वर्षे झाली, म्हणाले, अजून साक्षी चालू आहेत. दोघांपैकी एक पहिल्याच महिन्यात जामिनावर सुटला, त्याच्याकडे वकील होता. दुसरा अजून आत आहे. त्यातला ढकलणारा कोणता, तेही ठरायचे आहे.

इथे मला सगळ्या प्रश्नाची गाठ सापडते. २०२२ च्या त्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शंभरातले शहात्तर. त्यांना कुठल्याही कोर्टाने शिक्षा दिलेली नाही. ज्या रांगेत काका आईच्या न्यायासाठी उभे आहेत, त्याच रांगेत तो दुसरा माणूस तुरुंगात पडून आहे. रांग सरकत नाही म्हणून काकांना निकाल मिळत नाही, आणि रांग सरकत नाही म्हणूनच बराक भरते. काका आणि तो, दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे: तारीख नव्हे, निकाल.

आपल्याकडे गुन्हेगार फार, म्हणून तुरुंग भरलेले, हा समज तर सोडूनच द्या. जर्मनीत लाख लोकसंख्येमागे सत्तरच्या आसपास माणसे तुरुंगात असतात, भारतात चाळीसच्या आसपास. जर्मनी आपल्यापेक्षा जास्त माणसे आत टाकते! फरक असा की इथे कच्च्या कैद्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. खटला उभा राहण्याआधी सहा महिन्यांपेक्षा जास्त कुणाला आत ठेवायचे असेल, तर वरच्या न्यायालयाला फाइल मागवून तसे कारण आहे का ते तपासावे लागते. न्यायाधीशाला आवडो न आवडो, कॅलेंडर हलते. आपल्याकडे १९७९ मध्ये हुसैनारा खातूनच्या खटल्यात उघडकीला आले की बिहारमध्ये काही माणसे त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याची वाट बघत आत होती. त्याच्या आदल्या वर्षी मोतीराम नावाच्या एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक लिहिले. पण आजही जामीन मंजूर झालेली माणसे केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहतात.

आमच्या चाळीतला एक मुलगा असाच आत होता, एका तुरुंगात, कोणत्या ते राहू दे. भांडणात नाव आले. चौदा महिन्यांनी सुटला, निर्दोष. आम्ही पोरे त्याला विचारायचो, आत मारतात का रे? तो म्हणायचा, मार परवडला, झोप नाही. रात्री एका अंगावर झोपायचे, सगळ्यांनी एकाच बाजूला तोंड करून. एकाला कूस बदलायची तर अख्ख्या ओळीने बदलायची. संडासाच्या दाराशी नव्याची जागा. जुना सुटला की नवा एक वीत पुढे सरकायचा. बाहेर आल्यावर किती तरी दिवस तो गॅलरीत एका अंगावर, हात छातीशी घेऊन झोपायचा, मोकळी जागा असूनही. त्याची आई पहाटे नळावर जाताना त्याचे पाय सरळ करायची.

आता यावर सगळ्यात जड आक्षेप काकांचा नाही, माझ्या स्वतःच्या मनातला आहे. आमची खोली दहा बाय बारा. माणसे नऊ. म्हणजे माणशी सव्वा चौरस मीटर! बाबा गिरणीत रात्रपाळीला असले की एक जागा रिकामी व्हायची, ती आजीला. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि बाबा रोज रात्री घरी राहू लागले, तेव्हा मोठा भाऊ जिन्याखाली झोपायला गेला. स्ट्रासबुर्गच्या मापाने आमचे सगळे बालपण अमानुष ठरते. मग चोराला तीन मीटर आणि गिरणी कामगाराच्या पोराला सव्वा, हा कुठला न्याय?

या प्रश्नाशी मी बरीच वर्षे झगडले. चाळीतली गर्दी वाईटच होती, तिचे कौतुक करणाऱ्या सिनेमांचा मला संताप येतो. पण आमच्या दाराला कडी आतून होती. नऊजण तिथे फक्त झोपायचे. दिवस जायचा गॅलरीत, शाळेत, नळावर, गल्लीत, गणपतीच्या मांडवात. कुणाशी पटले नाही तर चार दिवस काकूकडे जाऊन राहता यायचे. आणि आम्हाला तिथे सरकारने आणून कोंडले नव्हते. ज्या क्षणी राज्य माणसाच्या दाराला बाहेरून कुलूप लावते, त्या क्षणापासून त्याची हवा, त्याचे पाणी, त्याची झोप, त्याचा संडास, सगळे राज्याच्या अंगावर येते. तो स्वतः काहीच करू शकत नाही, शेजारचा माणूस खोकत असेल तर तोंड फिरवण्यापलीकडे. २०२० च्या मे महिन्यात आर्थर रोडमध्ये करोना शिरला तेव्हा पहिल्याच फेरीत ७२ कैदी आणि ७ कर्मचारी बाधित निघाले, आणि थोड्याच दिवसांत आकडा दीडशेवर गेला. अंतर राखा, असे बाहेर भोंगे सांगत होते. आत अंतर कुठून आणणार?

त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या उच्चाधिकार समितीने राज्यातले निम्मे, म्हणजे सुमारे सतरा हजार कैदी तात्पुरते सोडायचे ठरवले. तितके सुटले नाहीत, पण हजारो सुटले. आकाश कोसळले नाही. मग साथ ओसरली आणि बराकी पुन्हा भरल्या. यातून मला एवढे कळते की गर्दी हा काही दैवी कोप नाही. कुणीतरी ठरवले की ती कमी होते.

जर्मनीला मी देवघरात बसवलेले नाही, हेही सांगायला हवे. आपल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी रडत असते: तिकीट विसरलो, साठ युरो बसले. लाड न करता सांगते, भरून टाका. इथे विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, आणि कोर्टाने केलेला दंड भरला नाही तर त्या बदल्यात तुरुंग आहे. बेघर, व्यसनी, पत्रे न उघडणारी माणसे या वाटेने आत जातात. तीन भाषा येणारा माणूस दंड भरतो आणि विसरतो, दुसरा आठवडेच्या आठवडे बसून काढतो. फेब्रुवारी २०२४ पासून असे दिवस निम्मे केले आहेत, पण वाट बंद केलेली नाही. 'फ्रायहाइट्सफोंड्स' नावाचा उपक्रम लोकांकडून पैसे गोळा करून अशांचा दंड भरतो आणि त्यांना बाहेर काढतो. माझी मूळ कल्पना तिथूनच उचललेली आहे. आणि नाताळ जवळ आला की बव्हेरिया, सॅक्सनी सोडून बहुतेक राज्ये, ज्यांची सुटका सणाच्या सुमारास येते अशा कैद्यांना काही आठवडे आधीच घरी सोडतात. दिवाळीला आपल्याकडे असे करता येईल का, असा विचार मनात येतोच.

एक गोष्ट आठवते म्हणून लिहिते. १९५८ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ला रौप्य अस्वल मिळाले. सहा खुनी कैदी आणि बिनभिंतीचा तुरुंग. ती निव्वळ कल्पना नव्हती. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची मुक्त वसाहत १९३९ पासून होती, तिथे कैदी शेती करून राहत. पटकथा गदिमांची, आणि ते त्याच माणदेशातले. म्हणजे कैद्याला माणूस म्हणून वागवण्याची कल्पना आपण इथे येऊन शिकलो असे नाही. आपणच ती बर्लिनला दाखवली होती.

तेव्हा माझे मत सरळ आहे. क्षमतेच्या तिप्पट माणसे कोंबणे ही क्रूर शिक्षाच आहे, आणि ज्याचा खटलाच चालला नाही त्याच्या बाबतीत तर तिला शिक्षा म्हणणेही शब्दाचा अपमान आहे. नवे तुरुंग बांधून हे सुटेल असे मला वाटत नाही. बांधले की भरतात. जी कलमे आहेत ती वापरा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडायचे आहे. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे सोडून. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या कैद्यांनाही लागू केले. केंद्राची २०२३ पासूनची एक योजनाही आहे, सुरुवातीला ती गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, दंड न भरता आल्याने अडकलेल्यासाठी २५ हजारांपर्यंत देत असे. पण अर्ज कुणीतरी भरावा लागतो, आधार कार्ड शोधावे लागते, गावाकडच्या भावाला फोन करावा लागतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत जाऊन हेच काम करतो आहे. आपली देणगी अशा कामाकडे जावी असे मला वाटते. चोराच्या उशीसाठी नव्हे काका, अर्ज भरणाऱ्या मुलीच्या पगारासाठी.

काकांनी परवा फोन केला होता. पटले असे ते म्हणाले नाहीत. विचारले, "त्या दुसऱ्या माणसाला वकील मिळाला तर आमचा खटला लवकर संपेल का?" मी म्हटले, संपू शकतो, खात्री देत नाही. ते म्हणाले, "मग समितीच्या बैठकीत मी विरोध करणार नाही. पण बाजूनेही बोलणार नाही." बैठक नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. फराळातले जे उरले असेल ते सगळ्यांनी आणावे.